तोलेदो ते कोर्दोबा : भिंतींवरची हिब्रू अक्षरं वाचताना

स्पेनमधून ज्यूंना हद्दपार करण्याचं फर्मान ३१ मार्च १४९२ रोजी निघालं आणि देश सोडायला त्यांना चार महिने मिळाले. माणसं गेली, इमारती मागे राहिल्या. बहुतेक सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनागृहं, पुढे पाडली गेली किंवा ओळखू येणार नाहीत इतकी बदलली. ज्यांची मूळची घडण अजून नीट दिसते अशी मुख्यतः तीन : तोलेदोमधली सांता मारिआ ला ब्लांका आणि एल त्रान्सितो, आणि कोर्दोबामधलं छोटं सिनेगॉग. त्यांतलं एल त्रान्सितो आज सेफार्दी संग्रहालय, म्हणजे स्पेनच्या ज्यू वारशाचं सरकारी संग्रहालय आहे. प्रवासाचा गाभा तेच.

ही तिन्ही ठिकाणं कुठल्याही क्रमाने पाहता येतात, पण एका क्रमाने पाहिली तर जास्त कळतात. आधी सांता मारिआ ला ब्लांका, कारण तिथे भिंतीवर लेख जवळजवळ नाहीत आणि सगळं लक्ष खांब-कमानींकडे जातं. मग एल त्रान्सितो, जिथे भिंतच बोलते. शेवटी कोर्दोबा, जिथे तीच भाषा एका खोलीत मावलेली आहे. तीनही इमारती टिकल्या त्या कुणी जपून ठेवल्या म्हणून नव्हे. त्या कुठल्या ना कुठल्या दुसऱ्या कामाला येत राहिल्या म्हणून टिकल्या. प्रत्येक ठिकाणी ते दुसरं काम कोणतं होतं हे शोधत गेलं तर इमारतीचे थर आपोआप सुटे होतात.

वार ठरवताना सोमवार टाळायचा. एल त्रान्सितो आणि कोर्दोबाचं सिनेगॉग दोन्ही सोमवारी बंद असतात. रविवारी दोन्ही दुपारी तीनच्या सुमारास बंद होतात. म्हणून गुरुवारी सुरुवात आणि रविवारी शेवट ही आखणी चांगली बसते. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये दोन्ही शहरांत पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि तोलेदोचे चढ तेव्हा जीव काढतात.

पहिला दिवस, गुरुवार : माद्रिद ते तोलेदो, सांता मारिआ ला ब्लांका

माद्रिदच्या आतोचा स्थानकातून तोलेदोला जाणारी आव्हांत गाडी साधारण ३५ मिनिटांत पोचते. या गाडीत आसन आरक्षित असावंच लागतं. स्थानकावर जाऊन तिकीट काढू म्हणणाऱ्यांची शनिवार-रविवारी हमखास पंचाईत होते, कारण सकाळच्या गाड्या आधीच भरतात. फलाटावर जाण्यापूर्वी सामान यंत्रातून तपासलं जातं, तेव्हा अर्धा तास हाताशी ठेवावा. गाडी चुकली तर प्लाझा एलिप्तिका इथून बस आहे. ती थेट असली तरी तासभर घेते, थांबत जाणारी असली तर आणखी वेळ.

तोलेदो स्थानकातून घाईने बाहेर पडू नये. ही इमारत १९१९ सालची, पण मुद्दाम जुन्या मुदेहार शैलीत बांधलेली. मुदेहार म्हणजे ख्रिस्ती राज्यात राहिलेल्या मुस्लिम कारागिरांची आणि त्यांच्याकडून पुढे सगळ्यांनी उचललेली बांधकामाची पद्धत : उघडी वीट, पाकळ्यांच्या कमानी, रंगीत फरशा, कोरीव लाकडी छत. पुढच्या तीन दिवसांत जे दिसणार त्याची ही विसाव्या शतकातली नक्कल. इथे सगळं काटेकोर, सरळ, एकसारखं आहे. हे डोळ्यांत साठवून ठेवलं की चौदाव्या शतकातला हात कुठे वेगळा पडतो ते ओळखता येतं.

स्थानक ताहो नदीच्या पलीकडे आहे. आल्कांतारा पूल ओलांडून चालत वर जायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि शेवटचा टप्पा खडा चढ आहे. चाकांची बॅग असेल तर शहर बसने सोकोदोव्हेर चौकात उतरावं. दगडगोट्यांच्या गल्ल्यांत बॅगेची चाकं टिकत नाहीत. बसस्थानकाच्या बाजूने आणि बिसाग्रा वेशीजवळच्या बाजूने असे दोन सरकते जिने डोंगराच्या पोटातून वर नेतात. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी त्यांचाच उपयोग करावा.

ज्यू वस्ती शहराच्या पश्चिम कडेला, सान मार्तिन पुलाच्या बाजूला होती. तिची हद्द आज पायाखालीच कळते. रस्त्याच्या दगडांत आणि भिंतींत छोट्या निळ्या-पांढऱ्या फरशा बसवल्या आहेत : एकीवर मेनोरा, म्हणजे ज्यूंची सात फाट्यांची दिवठी, एकीवर हिब्रू अक्षरं, एकीवर इबेरियाच्या नकाशाच्या आकारात गुंफलेलं ‘सेफाराद’ हे स्पेनचं हिब्रू नाव. या फरशा दिसू लागल्या की आपण वस्तीत शिरलो.

सांता मारिआ ला ब्लांका रेयेस कातोलिकोस रस्त्यावर आहे. बाहेरून साधी विटांची भिंत, लहान अंगण, आणि आत पाऊल टाकताच पांढऱ्या कमानींच्या रांगा. प्रार्थनागृह पाच दालनांत विभागलेलं आहे; मधलं दालन इतरांपेक्षा रुंद आणि सर्वांत उंच, सुमारे १२.५ मीटर. मोकळे खांब २४, सगळे अष्टकोनी, आणि शिवाय भिंतीत अर्धे रुतलेले ८. त्यांवर घोड्याच्या नालाच्या आकाराच्या कमानी.

खांबाला हात लावायची परवानगी नाही, पण जवळून पाहावं. खांब दगडी नाहीत. आत वीट आहे आणि वरून गिलावा. खांबांचे माथेही दगडात कोरलेले नसून जिप्समच्या गिलाव्यात घडवलेले. त्यांवर पाइनची बोंडं आणि एकमेकांत गुंतलेल्या पट्ट्या आहेत. सावकाश फिरलं तर लक्षात येतं की माथ्यांची नक्षी एकसारखी नाही. बहुतेक पाहुणे मधल्या दालनात उभं राहून फोटो काढतात आणि निघतात. माथ्यांतला फरक बाजूच्या दालनांतून, नजर तिरकी ठेवून जास्त चांगला दिसतो. कमानींच्या वरच्या पट्ट्यात भौमितिक वर्तुळं आणि त्यांच्यावर आंधळ्या, म्हणजे बुजलेल्या, कमानींची रांग आहे. ती सज्जा नाही, निव्वळ नक्षी आहे. तिथे बायका बसत असत असं काही जण सांगतात, ते खरं मानू नये.

बांधणीच्या वर्षाबद्दलही असंच सावध राहावं. माहितीपत्रकांत ११८० साल सर्रास सापडतं. इमारतीचा संबंध योसेफ इब्न शोशान या राजा आठव्या आल्फोन्सोच्या दरबारातल्या ज्यू पुढाऱ्याशी जोडला जातो. तो १२०५ मध्ये वारला. पण नक्षीची घडण पाहून अनेक अभ्यासक ती तेराव्या शतकातली मानतात. नक्षी आल्मोहाद या मुस्लिम राजघराण्याच्या वळणाची आहे, म्हणजे उत्तर आफ्रिका आणि सेव्हियाकडची. ख्रिस्ती राजाच्या शहरात, ज्यू समाजाने, इस्लामी वळणाची वास्तू उभारली, आणि त्या काळच्या तोलेदोत यात कुणाला वावगं वाटलं नाही.

पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला, विसेंते फेरेर या धर्मोपदेशकाच्या मोहिमेच्या काळात, हे सिनेगॉग काढून घेऊन त्याचं चर्च करण्यात आलं. सोळाव्या शतकात कार्डिनल सिलिसेओने इथे पश्चात्ताप केलेल्या स्त्रियांसाठी आश्रम काढला आणि पूर्वेच्या टोकाला तीन वेद्यांच्या कोठड्या जोडल्या. त्या आजही आहेत, म्हणून पूर्वेची मूळ भिंत, म्हणजे सिनेगॉगचा सर्वांत महत्त्वाचा भाग, इथे दिसतच नाही. नंतर शिपायांची बराक, मग सरकारी कोठार. एकोणिसाव्या शतकात डागडुजी झाली. मालकी आजही कॅथलिक चर्चकडे आहे. स्पेनमधल्या ज्यू समाजाने ती परत मागितलेली आहे. आत ना मेनोरा आहे, ना प्रार्थना होते. प्रवेशशुल्क चर्चकडे जातं हे ठाऊक असावं.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. तोलेदोत मनगटावर बांधायचा एक पर्यटक पट्टा मिळतो, त्यात चर्चच्या ताब्यातली सात ठिकाणं येतात : सांतो तोमे, सान हुआन दे लोस रेयेस, सांता मारिआ ला ब्लांका, क्रिस्तो दे ला लुस ही जुनी मशीद वगैरे. एल त्रान्सितो त्यात नाही, कारण ते सरकारी आहे. पट्टा दाखवून तिथे आत जाऊ पाहणारे रोज परत फिरतात. तीन-चारपेक्षा जास्त ठिकाणं पाहायची असतील तरच पट्टा परवडतो. तो काढला की पुन्हा लावता येत नाही, म्हणून सैलसर बांधून घ्यावा आणि मुक्काम संपेपर्यंत हातावरच ठेवावा.

दुसरा दिवस, शुक्रवार : एल त्रान्सितो

दार साडेनऊला उघडतं. पहिल्या रांगेत उभं राहावं. साडेदहा-अकरानंतर माद्रिदहून आलेले गट शिरतात आणि दालनात आवाज घुमू लागतो. तिकीट अगदी स्वस्त, तीन युरोच्या घरात. शनिवारी दुपारी दोननंतर आणि रविवारी प्रवेश मोफत असतो, पण नेमकी तेव्हाच सर्वांत जास्त गर्दी असते. पैसे वाचवून मन लावून पाहणं हातचं घालवू नये. मार्च ते ऑक्टोबर संध्याकाळी साडेसातपर्यंत आणि हिवाळ्यात सहापर्यंत उघडं असतं. १ जानेवारी, १ मे, २५ डिसेंबर अशा मोठ्या सुट्यांना बंद.

सोबत एकच वस्तू आवर्जून न्यावी : छोटी दुर्बीण. मुख्य दालन सुमारे २३ मीटर लांब, ९.५ मीटर रुंद आणि १२ मीटर उंच आहे, आणि जे वाचायचं आहे ते जवळजवळ सगळं भिंतीच्या वरच्या भागात आहे. नुसत्या डोळ्यांनी ते सगळं फक्त वेलबुट्टी वाटतं. दुर्बिणीतून त्यातली अक्षरं वेगळी होतात. फ्लॅश वापरू नये. उंचावरची नक्षी फ्लॅशने सपाट दिसते आणि रंगांनाही त्याचा काही उपयोग नाही.

बांधणारा सामुएल हा-लेवी अबुलाफिया. कास्तियाचा राजा पहिला पेद्रो याचा खजिनदार. बांधकाम १३५७ च्या सुमाराचं. हा काळ लक्षात घ्यावा. काळ्या प्लेगला जेमतेम दहा वर्षं झालेली. १३५५ मध्ये पेद्रोचा सावत्र भाऊ एन्रिके याच्या माणसांनी तोलेदोच्या ज्यूंवर हल्ला करून कत्तल केलेली. कायद्याने नवं सिनेगॉग बांधायला राजाची परवानगी लागायची, आणि ते चर्चपेक्षा उंच वा देखणं असू नये असा दंडक होता. कोर्दोबात शंभर वर्षं आधी, १२५० मध्ये, ज्यू फार उंच सिनेगॉग बांधताहेत म्हणून पोप चौथ्या इनोसंटने पत्र लिहून ते थांबवायला सांगितलं होतं. अशा वेळी हे दालन उभं राहिलं ते केवळ सामुएलच्या राजदरबारातल्या वजनामुळे. ते वजन फार टिकलं नाही. १३६० च्या सुमारास त्याच राजाने त्याला अटक केली, मालमत्ता जप्त केली आणि सेव्हियात छळात त्याचा मृत्यू झाला.

आत शिरल्यावर आधी पूर्वेकडे तोंड करावं. सगळी इमारत त्या भिंतीसाठी आहे. खालच्या मध्यभागी तीन लहान पाकळ्यांच्या कमानी : हे हेखाल, म्हणजे तोरा या ज्यू धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवण्याची जागा. त्यांच्या वर समभुज चौकटींच्या जाळीची नक्षी, गालिच्यासारखी थेट वरपर्यंत. दोन्ही बाजूंना पानाफुलांचे पट्टे आणि त्यांच्या खाली दगडी लेखांसारखे हिब्रू मजकूर. त्यांत सामुएलची स्तुती आहे, राजा पेद्रोचं नाव आहे, आणि इमारतीचं वर्णनही आहे : वाचनासाठी उभारलेला लाकडी मंच, तोराच्या गुंडाळ्या, दिवे, खिडक्या. आज दालनाच्या मध्यभागी काहीच नाही आणि त्यामुळे ते नुसतं भव्य सभागृह वाटतं. हा लेख सांगतो की ते रिकामं नव्हतं. मधोमध लाकडी मंच होता, त्यावर उभं राहून तोरा वाचली जायची.

मराठी वाचकाला ही मांडणी अनोळखी नाही. मांडवीचं १७९६ चं शार हारहमीम, भायखळ्याचं मागेन डेव्हिड, अलिबागचं मागेन अबोथ, पुण्याचं लाल देऊळ, यांतलं एखादं पाहिलं असेल तर हेखाल आणि मधला तेबा, म्हणजे वाचनाचा मंच, लगेच आठवेल. बेने इस्रायल समाजाची प्रार्थनेची रीत सेफार्दीच, म्हणजे याच स्पेनमधून निघालेल्या परंपरेची. तेव्हा तोलेदोच्या रिकाम्या जमिनीवर तेबा कुठे असेल हे मनाने मांडायला मुंबईचं सिनेगॉग कामी येतं. एक फरक मात्र ध्यानात ठेवावा : प्रार्थना जेरुसलेमकडे तोंड करून होते, म्हणून तोलेदोत हेखाल पूर्वेला आहे आणि कोकणात-मुंबईत ते पश्चिमेला असतं.

आता नजर वर न्यावी. चारही भिंतींभोवती वरच्या बाजूला नक्षीचा रुंद पट्टा फिरतो आणि त्याच्या दोन्ही कडांनी हिब्रू लेखांच्या ओळी धावतात. बहुतांश मजकूर बायबलमधल्या स्तोत्रांतला आहे. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचली जाते, तेव्हा पट्टाही त्याच दिशेने डोळ्यांखालून घालावा. लिपी येत नसली तरी ओळ कुठे तुटते, अक्षरांचे माथे कसे चौकोनी आहेत, हे कळतं. अक्षरांच्या मध्ये द्राक्षवेली आणि ओकची पानं दिसतात. ही गॉथिक, म्हणजे ख्रिस्ती कारागिरीची सवय. वेलबुट्टीत अरबी अक्षरंही गुंफलेली आहेत. आणि ठिकठिकाणी ढाली : किल्ला आणि सिंह, कास्तिया आणि लेओनची राजचिन्हं. एकाच पट्ट्यात हिब्रू, अरबी आणि राजाची मुद्रा. खजिनदाराला नेमकं काय सांगायचं होतं ते तिथेच लिहिलेलं आहे : हे घर देवाचं, आणि राजाच्या संरक्षणाखालचं.

त्याहून वर पाकळ्यांच्या कमानींची रांग, काही उघड्या, काही बंद, आणि उघड्या कमानींत जाळी. प्रकाश येतो तो इथूनच. सकाळी पूर्वेचा आणि दक्षिणेचा तिरपा उजेड नक्षीवर पडतो तेव्हा कोरीवकामाची खोली सावलीमुळे उठून दिसते; डोक्यावर ऊन आलं की तीच नक्षी फिकी पडते. सकाळी लवकर जाण्याचं हे दुसरं कारण. सर्वांत वर लाकडी छत, जोडीजोडीने टाकलेल्या तुळया आणि त्यांवर ताऱ्यांची जडणघडण.

हे काम झालं कसं, हे समजून घेतल्यावर दालन वेगळं दिसतं. साहित्य जिप्सम. दगड मंद आचेवर भाजून दळायचा, पाण्यात कालवायचा. तो काही मिनिटांत घट्ट होतो, म्हणून कारागीर तो सतत ढवळत ठेवून त्याचं घट्ट होणं लांबवत. भिंतीवर जाड थर चढवून कंपास आणि पट्टीने आखणी करायची आणि थर पूर्ण कडक होण्याआधी लोखंडी हत्यारांनी कोरायचा. ज्या नक्षीची पुनरावृत्ती असते ती साच्यात ओतूनही करत. मग रंग. लाल, निळा, हिरवा, काळा यांचे अंश आजही खोल खाचांत उरलेले आहेत. दुर्बीण त्या खाचांवर रोखावी, उंचवट्यांवर नव्हे, कारण उंचवट्यांवरचा रंग केव्हाच गेला. मूळ दालन पांढरं-पिवळसर नव्हतं, रंगांनी भरलेलं होतं.

जिप्समचा शत्रू पाणी. तो पाण्यात थोडा विरघळतो. जमिनीतली ओल भिंतीतून वर चढते आणि सोबत क्षार आणते. ओल सुकली की क्षार फुलतात आणि गिलावा आतून सुटतो. छत गळलं तर वरचा पट्टा जातो. एल त्रान्सितोची नक्षी उंचावर सुरू होते आणि खालच्या भिंती साध्या आहेत, हे तिच्या पथ्यावर पडलं. त्या साध्या भागावर बहुधा पडदे किंवा गालिचे टांगलेले असत. जुन्या इमारतींत जिथे गिलावा जमिनीपर्यंत उतरतो तिथे खालचा हातभर भाग जवळपास नेहमी नव्याने केलेला सापडतो.

१४९२ नंतरच्या खुणा शोधायला पुन्हा जमिनीकडे यावं. १४९४ मध्ये ही इमारत कालात्राव्हाच्या लष्करी-धार्मिक संघाला मिळाली. त्यांनी इथे मठाचं चर्च केलं आणि संघाची कागदपत्रं ठेवली. जमिनीत संघाच्या सरदारांच्या समाधीशिला आहेत. बाहेरून दिसणारी घंटेची भिंतही त्यांच्याच काळातली. ‘त्रान्सितो’ हे नाव सतराव्या शतकात चिकटलं, इथे लावलेल्या हुआन कोर्रेआ दे व्हिव्हार याच्या मेरीच्या देहावसानाच्या चित्रावरून. ते चित्र आता माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. नेपोलियनच्या युद्धात इथे सैन्य राहिलं. १८७७ मध्ये राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषणा झाली, १९६४ मध्ये सेफार्दी संग्रहालयाचा सरकारी आदेश निघाला आणि १९७१ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. कागदपत्रं ठेवायची म्हणून छत दुरुस्त ठेवावं लागलं. छत राहिलं म्हणून खालची हिब्रू अक्षरं राहिली.

संग्रहालयाच्या खोल्या दालनाच्या उत्तरेला आहेत. घाईत असाल तरी तारागोनाचं संगमरवरी कुंड चुकवू नये. पाचव्या-सहाव्या शतकातलं, लहानसं, त्यावर मोर, जीवनवृक्ष आणि मेनोरा, आणि हिब्रू, लॅटिन, ग्रीक अशा तीन भाषांचा लेख. हिब्रू ओळ इस्रायलवर, आमच्यावर आणि आमच्या मुलांवर शांती असो अशी आहे. स्पेनमधला ज्यू इतिहास अरबांच्या आधीपासूनचा, रोमन काळापासूनचा आहे, हे सांगायला ही एक वस्तू पुरते. मागच्या उघड्या अंगणात मध्ययुगीन कबरींचे दगड मांडलेले आहेत. तोलेदोचे दगड ग्रॅनाइटचे, जड, फारसे घडवलेले नाहीत. मजकूर मात्र काळजीने खोदलेला. दुपारच्या उन्हात अक्षरं वाचता येत नाहीत, सकाळी किंवा संध्याकाळी कडेने उजेड पडला की उठतात.

स्त्रियांचा सज्जा दक्षिणेच्या बाजूला वर आहे. तिथे जन्म, विवाह, सण यांच्याशी संबंधित वस्तू ठेवल्या आहेत, बऱ्याच नंतरच्या काळातल्या आणि स्पेनबाहेर पांगलेल्या सेफार्दी घरांतल्या. वस्तू पाहून झाल्या की सज्जाच्या कमानींपाशी थांबावं. वरचा लेखपट्टा इथून जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत येतो आणि समोरच्या भिंतीवरची अक्षरं सर्वांत स्वच्छ इथूनच दिसतात. अनेक जण सज्जा म्हणजे वस्तूंची आणखी एक खोली समजून वगळतात. इमारत पाहायची सर्वांत चांगली जागा ते गमावतात.

एकूण अडीच तास तरी ठेवावेत. पंचेचाळीस मिनिटांत आटोपणाऱ्या सहलीबरोबर येणं म्हणजे पूर्वेची भिंत दुरून पाहून जाणं.

जेवणाबद्दल थोडं. शाकाहारींना तोलेदोत पिस्तो मान्चेगो ही टोमॅटो, वांगी, झुकिनी आणि मिरच्यांची भाजी सहज मिळते, पण वर अंडं घालून देतात. नको असेल तर आधी सांगावं. मान्चेगो चीज मेंढीच्या दुधाचं असतं. बदाम-साखरेचं मासापान शहरात सगळीकडे आहे आणि ते खरोखर चांगलं असतं.

तिसरा दिवस, शनिवार : उरलेलं तोलेदो आणि कोर्दोबाचा प्रवास

सकाळ तीन ठिकाणांसाठी पुरते. एल त्रान्सितोच्या अगदी शेजारी एल ग्रेको संग्रहालय आहे. त्याच्या आवारातली तळघरं परंपरेने सामुएल हा-लेवीच्या वाड्याची सांगितली जातात. वाडा उरलेला नाही. चित्रांत रस नसला तरी तळघरांसाठी जावं.

सांता मारिआपासून थोडं पुढे सान हुआन दे लोस रेयेस. हद्दपारीच्या फर्मानावर सही करणाऱ्या राजा फर्दिनांद आणि राणी इसाबेला यांनीच हा मठ १४७७ मध्ये, ज्यू वस्तीच्या काठावर, उभारायला घेतला. बाहेरच्या भिंतींवर टांगलेल्या साखळ्या ग्रानादाच्या राज्यातून सुटलेल्या ख्रिस्ती कैद्यांच्या. मठ सुंदर आहे. तो कुठे उभा आहे हेही तितकंच पाहण्यासारखं आहे.

क्रिस्तो दे ला लुस शहराच्या उत्तर टोकाला : ९९९ सालची चिमुकली मशीद, नंतर चर्च झालेली. दर्शनी भिंतीवर विटांतच लिहिलेला अरबी लेख तिचं साल सांगतो. सांता मारिआच्या कमानींचं घराणं कुठलं हे इथे स्पष्ट होतं.

दुपारी प्रवास. तोलेदोहून कोर्दोबाला सरळ गाडी नाही. माद्रिदला परत यावं लागतं आणि आतोचातून दक्षिणेची जलद गाडी धरावी लागते. ती पावणेदोन तासांच्या आसपास घेते. दोन गाड्यांमध्ये निदान तासभर ठेवावा, कारण आतोचात उतरणाऱ्यांचा आणि चढणाऱ्यांचा मार्ग वेगळा आहे आणि तपासणी पुन्हा होते. दोन्ही तिकिटं एकत्र काढली तर पहिली गाडी उशिरा आल्यास पुढची बदलून मिळण्याची शक्यता जास्त. सुटी काढली तर नुकसान आपलं.

चौथा दिवस, रविवार : कोर्दोबा

रेल्वे स्थानकापासून बागांच्या कडेने चालत आल्मोदोव्हार वेस गाठायची, वीस मिनिटं पुरतात. वेशीतून आत शिरताच उजवीकडे हुदिओस गल्ली, आणि २० क्रमांकाचं छोटं दार. दर्शनी फलक एवढा लहान की लोक पुढे निघून जातात. युरोपीय संघाच्या नागरिकांना प्रवेश मोफत, इतरांना नाममात्र काही सेंट. सुटी नाणी खिशात असू द्यावीत.

अंगण, मग लहान ओसरी, मग दालन : ६.९५ बाय ६.३७ मीटर. एल त्रान्सितोच्या लांबीचा तिसरा हिस्साही नाही. पण इथे भिंती जवळ आहेत आणि दुर्बीण फारशी लागत नाही. पूर्वेच्या भिंतीवर हेखालची पोकळी, आणि तिच्या उजव्या बाजूला स्थापनेचा लेख. त्यात इसहाक मेहेब, एफ्राइमचा मुलगा, याने हे छोटं पवित्रस्थान पूर्ण केलं असं म्हटलं आहे. वर्ष हिब्रू गणनेचं ५०७५, म्हणजे इसवी सन १३१५. पुढे लेख म्हणतो की ही वास्तू तात्पुरती आहे आणि देवाने जेरुसलेम लवकर पुन्हा बांधावं. तोलेदोच्या लेखांत सामुएल आणि राजा जितके पुढे येतात तितका इथे बांधणारा येत नाही. दोन्ही लेख एकाच प्रवासात वाचले तर हा फरक ठळक होतो.

दक्षिणेच्या भिंतीवर स्त्रियांच्या सज्जाच्या तीन कमानी आणि त्यांच्याभोवती स्तोत्रांच्या ओळी. पश्चिमेच्या भिंतीवर पाकळ्यांच्या कमानीचा कोनाडा आहे आणि त्यात रंगवलेला क्रूस अजून दिसतो. तो नंतरच्या वापराचा. १४९२ नंतर इथे पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने आजारी पडणाऱ्यांचं रुग्णालय झालं, १५८८ मध्ये चांभारांच्या संघाने आपल्या संतांचं, क्रिस्पिन आणि क्रिस्पिनियानचं, प्रार्थनास्थळ केलं. त्या काळात नक्षीवर गिलाव्याचा थर चढला आणि वरती नवं छत आलं. १८८४ मध्ये गिलाव्याचा तुकडा निखळला तेव्हा खालची हिब्रू अक्षरं पुन्हा दिसली, आणि १८८५ मध्ये इमारत राष्ट्रीय स्मारक झाली. कोर्दोबातली खालच्या भागातली नक्षी मात्र बरीच गेलेली आहे. ओल, क्षार, आणि शतकानुशतकं टेकणाऱ्या पाठी. तोलेदोत जी साधी भिंत होती तिचं मोल इथे उमगतं.

गल्लीत थोडं पुढे तिबेरियादेस चौकात मैमोनिदेस या ज्यू तत्त्वज्ञाचा पुतळा आहे, १९६४ मध्ये बसवलेला. त्याच्या पायाला हात लावून लावून तो चकचकीत झाला आहे. काही मार्गदर्शक हे त्याचं सिनेगॉग असं सांगून मोकळे होतात. मैमोनिदेस बाराव्या शतकातला. आल्मोहाद आल्यावर त्याच्या कुटुंबाने कोर्दोबा सोडलं, आणि हे सिनेगॉग त्याच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी बांधलं गेलं.

सिनेगॉगच्या जवळच कासा दे सेफाराद हे खासगी संग्रहालय आहे. सेफार्दी घर, संगीत, सोन्याचा धागा, इन्क्विझिशन म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, अशा विषयांच्या खोल्या. वस्तू मोजक्या, मांडणी विचारपूर्वक. रविवारी दुपारी सिनेगॉग बंद झाल्यावर इथे तास घालवता येतो. त्या दिवशीची वेळ आदल्या दिवशी पाहून घ्यावी.

जेवायला साल्मोरेहो, टोमॅटो-पाव-तेलाची घट्ट थंड सार, पण त्यावर सुकवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे आणि अंडं घालतात. मागवताना ‘सिन हामोन, सिन उएव्हो’ म्हणावं. तळलेल्या वांग्यावर उसाची काकवी घालून देतात, ती मराठी जिभेला पटकन रुचते.

ज्यांच्याकडे आणखी दिवस आहे त्यांनी सेव्हियाकडे जावं. गाडी पाऊण तासाची. तिथे मूळ रूपातलं मध्ययुगीन सिनेगॉग उभं नाही, पण सामुएलच्या राजाने, पेद्रोने, १३६० च्या दशकात बांधवलेला वाडा आल्कासार या राजवाड्यांच्या संकुलात आहे, आणि त्याच्या गिलाव्यावरची नक्षी एल त्रान्सितोची सख्खी भावंडं आहे. तिकीट आधी काढावं, वेळेचा रकाना ठरलेला असतो आणि उशीर झाला तर आत घेत नाहीत.